वैदर्भीय उन्हाळा आणि मनाची दुपार

उन्हाळ्यात मनाची काळजी कशी घ्यावी, याविषयीचे लेख एप्रिल उजाडला की मोबाइलवर फिरू लागतात. त्यांतले बहुतेक थंड देशांतल्या माणसांसाठी लिहिलेले असतात, हे पहिल्या दोन ओळींतच लक्षात येते. दुपारी बाहेर पडा, ऊन अंगावर घ्या, बागेत चटई टाकून जेवा, संध्याकाळ लांबलचक चालत घालवा, असा त्यांचा सल्ला असतो. वर्षातले सात-आठ महिने ढगांखाली काढणाऱ्या लंडनच्या किंवा स्टॉकहोमच्या माणसाला तो योग्यच आहे. नागपूर, चंद्रपूर, अकोला किंवा ब्रह्मपुरी येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. तिथे एक वाजता ऊन अंगावर घ्यायला निघालेल्या माणसाला मनःशांती मिळण्याआधी उष्माघात गाठेल. म्हणून आमच्याकडचा उन्हाळा जसा आहे तसा धरून, त्यात मन ताळ्यावर ठेवण्यासाठी काय करता येते, हे नागपुरात आयुष्य काढलेली एक बाई म्हणून लिहावेसे वाटले. काही वर्षांपूर्वी मी औदासीन्यासाठी, म्हणजे डिप्रेशनसाठी, रीतसर उपचार घेतले आहेत. त्यामुळे या विषयाकडे मी जिज्ञासेबरोबरच गरजेपोटीही पाहत आले आहे.

ऋतूनुसार येणारे औदासीन्य म्हटले की हिवाळ्यातले औदासीन्यच बहुतेकांना आठवते, कारण १९८४मध्ये अमेरिकेत नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचेच वर्णन प्रथम केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९८७मध्ये, याच संशोधकांच्या वर्तुळातून थॉमस वेर यांनी उन्हाळ्यात उद्भवणाऱ्या औदासीन्याच्या रुग्णांची नोंद केली. हिवाळ्यातला रुग्ण बहुधा जास्त झोपतो, जास्त खातो आणि जडावतो. उन्हाळ्यातल्या रुग्णाची मात्र झोप उडते, भूक मरते आणि जडपणाऐवजी आत एक अस्वस्थ तगमग सुरू होते. आमच्याकडे उन्हाने डोके फिरले असे ज्याला सहज म्हटले जाते, त्यातला काही भाग साधी चिडचिड असतो आणि काही भाग याहून गंभीर असतो. हे दोन वेगळे ओळखणे घरच्यांना अनेकदा जमत नाही, कारण उन्हाळ्यात सगळ्यांचीच झोप आणि भूक थोडीफार बिघडलेली असते.

माझ्या मते, आमच्या उन्हाळ्यातला मनाचा खरा प्रश्न दुपारचा आहे. सकाळी अकरा वाजल्यापासून संध्याकाळी पाच-साडेपाचपर्यंत घराची दारे-खिडक्या बंद असतात, पडदे ओढलेले असतात, कूलरची घरघर चालू असते, रस्त्यावर चिटपाखरू नसते आणि कोणी कोणाकडे येत-जात नाही. नोकरी करणाऱ्यांना ही वेळ कार्यालयात निघून जाते. निवृत्त माणसे, घरी असणाऱ्या बायका, परीक्षा देऊन निकालाची वाट पाहणारी मुले आणि आजारी माणसे यांना मात्र रोजचे हे सहा तास एकट्याने निभवावे लागतात. ज्याचे मन आधीच खचलेले आहे त्याच्या बाबतीत या वेळात तेच ते विचार पुन्हा पुन्हा घोळत राहतात, आणि झोप लागली तरी संध्याकाळी उठताना माणूस अधिक उदास उठतो. म्हणून उन्हाळ्यातल्या कोणत्याही उपक्रमाला मी एकच प्रश्न विचारते, तो दुपारवर काय परिणाम करतो? पहाटेचा उपक्रम असला तरी आणि रात्रीचा असला तरी मोजमाप हेच.

याला एक शास्त्रीय आधारही आहे. १९७०च्या दशकात ओरेगॉन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ पीटर लेविन्सन यांनी असे मांडले की खचलेला माणूस आनंद देणाऱ्या गोष्टी करणे सोडतो, त्यामुळे त्याच्या आयुष्यात आनंदाचे प्रसंगच कमी होतात, म्हणून तो आणखी खचतो आणि आणखी कमी करू लागतो. हे चक्र तोडायचे असेल तर इच्छा होण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी ठरलेली कृती करायची आणि मनाला मागून येऊ द्यायचे. पुढे १९९६मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी विचार तपासून बदलायला शिकवणारी संपूर्ण बोधात्मक उपचारपद्धती आणि तिच्यातला केवळ हा कृतीचा भाग, अशी तुलना केली. केवळ कृतीचा भाग घेतलेल्या रुग्णांनाही जवळपास तितकाच गुण आल्याचे त्यांना दिसले. उपचार घेत असताना मला रोजचा तक्ता लिहायला सांगितला होता. त्यात प्रत्येक कृतीपुढे दोन गुण द्यायचे असत, एक ती करताना किती बरे वाटले याचा आणि दुसरा काहीतरी जमल्याची भावना किती आली याचा. उन्हाळ्यातल्या करमणुकीच्या बहुतेक साधनांना पहिला गुण मिळतो, पण दुसरा मिळत नाही, असे माझे निरीक्षण आहे. मोबाइलवर मालिका पाहिली तर तास बरा जातो, पण पाच वाजता हाती काही उरत नाही.

दुपारची तयारी पहाटेपासून करावी लागते. मे महिन्याच्या मध्याला नागपुरात साडेपाचच्या सुमारास सूर्य उगवतो, आणि तेव्हापासून साधारण साडेसातपर्यंतचा वेळ हीच काय ती दिवसातली बाहेर पडण्याची वेळ. या वेळी अंबाझरी तलावाच्या काठाने किंवा सेमिनरी हिल्सवर चालणाऱ्यांची जी गर्दी असते, ती हिवाळ्यातही नसते. सकाळच्या उजेडाचे महत्त्व केवळ प्रसन्न वाटण्यापुरते नाही. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा असतात की ज्यांचे काम वस्तू दाखवण्याचे नसून मेंदूतल्या घड्याळाला दिवस सुरू झाल्याची वर्दी देण्याचे असते. त्यांचा शोध या शतकाच्या सुरुवातीला लागला. घरात दिव्याखाली दोनशे ते पाचशे लक्स इतका उजेड असतो, तर बाहेर सूर्योदयानंतर थोड्याच वेळात तो काही हजारांवर जातो. आम्ही उन्हाळ्यात दिवसभर पडदे ओढून अंधारात बसतो, म्हणून सकाळचा हा उजेड आम्हाला अधिकच आवश्यक आहे. ज्या दिवशी पहाट चुकते त्या दिवशी मेंदूच्या घड्याळाला दिवस कधी सुरू झाला हेच नीट कळत नाही, आणि रात्री त्याचा हिशेब चुकता करावा लागतो.

चालताना काहीतरी पाहण्याचा उद्योग असावा, असे मी आवर्जून सांगते, कारण नुसते चालणे म्हणजे अनेकदा विचार करत चालणे ठरते. एप्रिलमध्ये बहाव्याच्या पिवळ्या माळा लोंबू लागतात, पाठोपाठ गुलमोहर पेटतो, कडुनिंबाचा मोहर झडून निंबोळ्या धरतात. एकच झाड ठरवून रोज त्याच्याकडे पाहिले तर आठ दिवसांत त्याच्यात इतके बदल दिसतात की मन आपोआप बाहेर लागते. पक्ष्यांच्या बाबतीत आमचा उन्हाळा श्रीमंत आहे. कोकिळेचे कौतुक पुष्कळ झाले आहे, मला तांबट अधिक आवडतो. हिरवा, ठेंगणा, कपाळावर लाल टिकली असलेला हा पक्षी वड-पिंपळ-उंबराच्या फळांवर जगतो आणि भर दुपारी, बाकीचे सगळे पक्षी गप्प झालेले असताना, टुक टुक टुक असा एका लयीत बोलत राहतो. त्याचा आवाज एकदा ओळखता आला की बंद खोलीतही ऐकू येऊ लागतो. पावशाही याच दिवसांत 'पेरते व्हा' म्हणत सुटतो. पक्ष्यांसाठी मातीच्या उथळ परळात पाणी ठेवणे हा उपक्रम अनेकजण करतात, आणि तो चांगलाच आहे, कारण त्यात रोज दोनदा करण्याचे एक लहानसे काम असते. परळ उथळ असावे, त्यात एखादा दगड ठेवावा म्हणजे मधमाश्यांना बसता येते, आणि डास होऊ नयेत म्हणून पाणी रोज बदलावे.

येथे एक गोष्ट नोंदवलीच पाहिजे. गडचिरोली-गोंदियाकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे अंधारातच बायका मोहफुले वेचायला बाहेर पडतात आणि मे महिन्यात घरचे सगळे मिळून तेंदूपाने तोडतात. त्यांच्यासाठी उन्हाळा हा कमाईचा हंगाम आहे, आणि त्यांच्या पहाटेला मनःस्वास्थ्याचा उपक्रम म्हणणे हा उद्धटपणा होईल. शहरातही टिनाच्या छपराखाली राहणाऱ्याला दुपारी खोलीत बसून छंद जोपासा असे सांगणाऱ्याने आधी त्या खोलीत अर्धा तास बसून पाहावे. मी पुढे जे लिहीत आहे ते डोक्यावर स्लॅब आणि खिडकीत कूलर असलेल्या माणसाचे आहे, हे मला ठाऊक आहे.

आता माझ्या सर्वांत आवडत्या विषयाकडे येते. उन्हाळ्यात मनासाठी इतके उपयुक्त असे दुसरे काही मला अजून सापडलेले नाही. तो विषय म्हणजे वाळवण, आणि त्यातही कुरडया. पापड, शेवया, सांडगे, साबुदाण्याच्या चकल्या, बटाट्याचा कीस हे सर्व आपापल्या जागी ठीक आहे, पण कुरडयांमध्ये माणसाला बांधून ठेवण्याचे जे सामर्थ्य आहे ते त्यांच्यात नाही. गहू निवडून तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज त्यांचे पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी ते वाटून, कपड्यातून किंवा चाळणीतून पिळून गाळून चीक काढायचा आणि रात्रभर झाकून ठेवायचा. सकाळी वर साचलेली पिवळसर निवळ अलगद ओतून द्यायची आणि तळाशी बसलेला पांढराशुभ्र घट्ट चीक मोजून घ्यायचा. जितका चीक तितकेच पाणी उकळत ठेवायचे, त्यात मीठ आणि हिंग घालायचा, आणि एकीने चीक ओतायचा तर दुसरीने लाटण्याने किंवा लाकडी उलथन्याने तो अखंड ढवळत राहायचा. हात थांबला की गुठळी झालीच. चीक शिजून चकचकीत, पारदर्शक झाला की वाफ काढायची आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून प्लॅस्टिकच्या कागदावर कुरडया घालायच्या. हे सर्व सात-साडेसातच्या आत आटोपले पाहिजे, म्हणजे गच्चीवर पाय भाजायच्या आत आपण खाली आणि दिवसभराचे कडक ऊन कुरडयांना.

मनोविकारांच्या उपचारात जे जे करायला सांगतात ते सगळे या एका पदार्थात नकळत आलेले आहे. गहू भिजवला त्या क्षणी पुढच्या चार दिवसांचे वेळापत्रक ठरते आणि ते मोडता येत नाही, कारण मनाला बरे वाटत नाही म्हणून पाणी बदलले नाही तर गहू वास मारू लागतो. काम एकटीने होत नाही, म्हणून शेजारणीला सांगावे लागते, आणि ती पहाटे साडेपाचला दारात उभी राहते, त्यामुळे उठावेच लागते. हात गुंतलेले असतात, वाफेचा चटका आणि हिंगाचा वास असतो, आणि विचार करायला जागा उरत नाही. माझ्या शेजारच्या आजी, ज्यांच्याकडून मी कुरडया शिकले, त्या म्हणायच्या, 'चीक हलवाले हात लागते पोरी, डोकं नाई.' शिवाय लहान मुलांना गरम चिकाची वाटी तूप-साखर घालून द्यायची असते, आणि त्यासाठी एरवी आठ वाजेपर्यंत न उठणारी पोरे उठून येतात. संध्याकाळी कुरडया उलटताना त्या खुळखुळ वाजतात तेव्हा तक्त्यातला तो दुसरा गुण पूर्णच्या पूर्ण मिळतो. पुढे वर्षभर सणावाराला त्या तळल्या जातात, आणि आपण खचलेल्या दिवसांत केलेली वस्तू घरातले लोक आवडीने खात आहेत, हे पाहण्याचा लाभ निराळाच.

हल्ली बचतगटांच्या कुरडया बाजारात उत्तम मिळतात आणि त्या विकत घेण्यात काहीच वावगे नाही. पिढ्यान्पिढ्या हे काम बायकांच्याच माथी मारले गेले, हेही खरे आहे, आणि चार दिवस राबून वर बोलणी खाणाऱ्या सुनेला त्यातून मनःस्वास्थ्य मिळत असेल असा माझा मुळीच दावा नाही. स्वतः ठरवून, सोबतीने, बेताच्या प्रमाणात केले तरच ते औषध आहे. आमच्या गल्लीत गेल्या काही वर्षांपासून निवृत्त पुरुषमंडळीही सोऱ्या फिरवायला येतात, कारण त्याला जोर लागतो. त्यांतले एक काका पत्नी गेल्यानंतर कोणाशी बोलेनासे झाले होते. ते फार बोलत नाहीत, पण येतात, आणि त्यांनी घातलेल्या कुरडया सगळ्यांहून गोल असतात.

तरीही दुपार उरतेच. दुपारी हाताला काम हवे आणि कामाला शेवट हवा, एवढे दोन निकष मी पाळते. चिंच फोडणे, जुन्या साड्यांची गोधडी शिवणे, पुस्तकांना कव्हरे घालणे, घरातल्या जुन्या छायाचित्रांमागे नावे आणि वर्षे लिहून ठेवणे, ही सर्व कामे बसल्या जागी, मंद उजेडात आणि अधूनमधून उठता येईल अशी आहेत. छायाचित्रांचे काम मी सासूबाईंबरोबर केले. ज्यांना काल काय जेवलो हे आठवत नव्हते, त्यांना १९६२ सालच्या एका लग्नात कोण रुसले होते हे नावानिशी आठवत होते, आणि त्या आठवणींमुळे त्यांची आणि माझीही दुपार सरली. जेवणानंतर अर्धा तास झोप घ्यावी, ती आमच्या हवामानात चैन नाही. मात्र तीन-तीन तास झोपणे हा रात्रीच्या झोपेवरचा दरोडा आहे. चार वाजता उठून पन्हे किंवा अंबाडीचे सरबत करावे आणि शक्य असल्यास कोणालातरी बोलवावे. अंगातले पाणी कमी झाले की डोके दुखते, लक्ष लागत नाही आणि चिडचिड वाढते. असा माणूस आपले मन बिघडले असे समजून बसतो, आणि दोन पेले ताक पोटात गेल्यावर निम्मे बिघडलेले मन जागेवर येते.

मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा आठ-पंधरा दिवस उशिरा उघडतात, त्यामुळे सुटी लांब. ती भरून काढण्यासाठी पालक एकामागून एक शिबिरे लावतात. पोहण्याचे शिबिर सोडले तर बाकीच्यांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. सकाळी सात वाजता शाळेसारखेच उठून, शाळेसारख्याच खोलीत, शाळेसारख्याच ओळीत बसून व्यक्तिमत्त्व घडवून घेणाऱ्या मुलाला सुटी मिळालीच नाही असे मी समजते. त्यापेक्षा गल्लीतल्या मुलांना शून्य सावलीचा दिवस दाखवावा. महाराष्ट्रात मे महिन्यात सूर्य दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत जातो आणि प्रत्येक गावी एका ठराविक दिवशी तो माध्यान्हीला बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात १३ मेच्या, मुंबईत १५ मेच्या आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. आमच्याकडे बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास सरळ उभ्या केलेल्या पेल्याची, काठीची आणि माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. डोक्याला रुमाल बांधून दहा मिनिटे बाहेर उभे राहण्याइतका हा देखावा निश्चित मोलाचा आहे, आणि त्याची वाट पाहण्यात मुलांचे चार दिवस मजेत जातात. जुलैत सूर्य परतताना तो पुन्हा घडतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात.

दहावी-बारावीच्या निकालाची वाट पाहणारी मुले मात्र शिबिराला जाण्याच्या वयाची नसतात आणि मोकळी सोडण्याच्या मनःस्थितीतही नसतात. त्यांच्यासाठी मला एवढेच सुचते की घरातले एक खरोखरीचे काम त्यांच्यावर सोपवावे. बँकेतले व्यवहार, वीजबिल, गावाकडच्या विहिरीच्या दुरुस्तीची देखरेख, असे ज्यात चूकभूल झाली तर फरक पडतो असे काहीही चालेल. गुणांव्यतिरिक्तही आपला कोणालातरी उपयोग आहे, हे त्या वयात व्याख्यान देऊन पटवता येत नाही. निकालाच्या आठवड्यात मूल एकटे एकटे राहू लागले, वस्तू वाटून टाकू लागले, जगण्याला अर्थ नाही अशा अर्थाचे बोलू लागले, तर ते नाटक समजू नये, त्याला थेट विचारावे आणि एकटे सोडू नये. केंद्र सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्यासाठीची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती अहोरात्र चालते आणि मराठीतही बोलता येते.

संध्याकाळच्या बाबतीत पुण्याचा मला हेवा वाटतो. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५मध्ये तिथे वसंत व्याख्यानमाला सुरू केली. ऐन उन्हाळ्यात, दिवस कलल्यावर, रोज नवा वक्ता आणि नवा विषय असे तिचे स्वरूप आहे. व्याख्याने सगळीच रंगत असतील असे नाही. परंतु एखाद्या एकट्या वृद्धाला महिनाभर रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून कुठेतरी वेळेवर पोहोचायचे आहे, ठराविक खुर्चीच्या शेजारी ठराविक माणूस भेटणार आहे आणि घरी येताना कोणाशीतरी वाद घालायचा आहे, या व्यवस्थेचे मोल व्याख्यानाच्या दर्जावर अवलंबून नाही. खानदेशात अक्षय तृतीयेला, म्हणजे आखाजीला, सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके बांधतात आणि गाणी म्हणतात. तिथेही ऐन वैशाखात मनाला विसावा देण्याची सोय लोकांनी आपली आपण करून ठेवलेली आहे. आमच्या वस्तीत असे काही नव्हते, म्हणून आम्ही काही जणी संध्याकाळी सातनंतर कोणाच्यातरी अंगणात बसून एखादे पुस्तक आळीपाळीने मोठ्याने वाचतो. एकीने चुकवले तर दुसऱ्या दिवशी विचारणा होते, आणि ती विचारणाच कामाची असते.

रात्र ही उन्हाळ्याची सर्वांत चांगली बाजू आहे, आणि तिचाही मनाशी थेट संबंध आहे. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे उतरावे लागते, आणि तापलेल्या खोलीत ते उतरत नाही. झोपण्यापूर्वी तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढून उष्णता बाहेर पडायला मदत होते. बर्फासारख्या पाण्याने क्षणभर गार वाटते, पण त्वचेच्या रक्तवाहिन्या आक्रसतात. गच्चीवर पाणी मारून, ते वाळल्यावर अंथरूण घातले तर उत्तररात्रीपर्यंत झोप चांगली लागते, आणि झोप येईपर्यंत वर आकाश असते. मे महिन्यात रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला सप्तर्षी उंचावर असतात. त्यांच्या शेपटीच्या तीन ताऱ्यांचा बाक तसाच पुढे वाढवत नेला की नारिंगी तेजस्वी स्वाती लागते आणि आणखी पुढे गेले की पांढरी-निळसर चित्रा. शेपटीतल्या मधल्या वसिष्ठाला खेटून असलेली अंधुक अरुंधती दिसते का, हे पाहण्याची जुनी परीक्षा घरातल्या सगळ्यांनी द्यावी. थोड्या वेळाने आग्नेयेला वृश्चिक वर येऊ लागतो आणि त्याच्या हृदयाशी लालसर ज्येष्ठा दिसते. स्वाती आपल्यापासून सुमारे ३७ प्रकाशवर्षे दूर आहे, म्हणजे आज डोळ्यात शिरणारा तिचा उजेड निघाला तेव्हा आमच्या गल्लीत एकाच घरी दूरदर्शन संच होता. चित्रा सुमारे २५० प्रकाशवर्षे दूर आहे, तिथे तर पेशवाईच गाठावी लागते. रात्री झोप न येणाऱ्या माणसाला मोबाइलच्या पडद्यापेक्षा हा हिशेब अधिक मानवतो.

थंड हवेच्या ठिकाणी जाण्याविषयी फार लिहीत नाही. चिखलदऱ्याला चार दिवस जाऊन यावे, तिथली हवा खरोखर सुखाची आहे, पण सहलीने आलेली टवटवी काही आठवड्यांतच ओसरते असे यावर अभ्यास करणाऱ्यांनाही आढळले आहे. आपला उन्हाळा अडीच-तीन महिन्यांचा असतो.

औषधे घेणाऱ्यांसाठी एक सूचना मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण ती उपक्रमांच्या यादीत कोणी लिहीत नाही. मनोविकारांवरची काही औषधे घाम येण्यात किंवा शरीराचे तापमान सांभाळण्यात अडथळा आणतात, त्यामुळे ती घेणाऱ्याला उन्हाचा त्रास इतरांपेक्षा लवकर होऊ शकतो. लिथियम घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. घाम, जुलाब किंवा उपवास यांमुळे अंगातले पाणी आणि मीठ कमी झाले की रक्तातली लिथियमची पातळी वाढते आणि हाताचा कंप वाढणे, उलट्या होणे, तोल जाणे, जीभ जड होणे अशी लक्षणे दिसतात. ती दिसली तर विनाविलंब डॉक्टरांना गाठावे. पण या भीतीने औषध आपल्या मनाने बंद करू नये, तेही तितकेच घातक असते. मार्च महिन्यातच आपल्या डॉक्टरांना भेटून उन्हाळ्यात काय काळजी घ्यायची, पाणी आणि मीठ किती, तपासणी केव्हा, हे विचारून घ्यावे. पहाटे चालायला जाताना आणि कुरडयांच्या चुलीपाशी बसतानाही ही माहिती जवळ असावी लागते.

माझ्या अनुभवात उन्हाळ्यातला सर्वांत अवघड काळ मे महिना नसून जूनचा पहिला पंधरवडा आहे. पारा दोन-चार अंशांनी उतरलेला असतो, पण हवेत दमटपणा वाढल्यामुळे कूलर निरुपयोगी होतो. त्याचे सगळे काम पाणी वाफ होण्यावर चालते आणि दमट हवेत पाणी वाफ होत नाही. गच्चीवर केव्हा पाऊस येईल याचा नेम नसल्याने अंथरुणे खाली येतात, वाळवण संपलेले असते, आकाश झाकलेले असते आणि पाहुणे परत गेलेले असतात. म्हणजे एप्रिलपासून जोडलेले सर्व आधार एकाच आठवड्यात सुटतात. या पंधरवड्यासाठी मी आधीच दोन गोष्टी ठरवून ठेवते. पहाटेचे चालणे ढगाळ हवेतही त्याच वेळी चालू ठेवते, कारण ढगाआडचा उजेडही घरातल्या दिव्यापेक्षा कितीतरी अधिक असतो. आणि अंगणातले वाचन मृगाच्या आधीच कोणाच्यातरी बैठकीत हलवून त्यासाठी मुद्दाम जाडजूड पुस्तक निवडून ठेवते.